टायर ट्रॅकचा की रस्त्याचा?

मातीतल्या कुस्तीला पैलवान अनवाणी उतरतो. तोच पैलवान मॅटवर गेला की पायात बूट चढवतो. अंग तेच, डाव तेच; पण पायाखालची जमीन बदलली की पायातलं बदलतं. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. आज हाच नियम मोटारीला लावून पाहू. कारण मी भाषा शिकवणारा माणूस असूनही हल्ली मुलं मला विचारतात, ‘सर, ट्रॅक डेला कुठले टायर घालू?’

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि स्वतःची गाडी बंद ट्रॅकवर मोकळेपणी पळवायची. समोरून ट्रक येत नाही, मधे म्हैस येत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी स्पीडवे, दिल्लीजवळचा २०११ चा बुद्ध सर्किट ही त्यातली मोठी नावं. आमच्या बऱ्हाणपूरहून इंदूरच्या पलीकडे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्स लागतं. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं. तो मुख्यतः गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, पण त्याचे व्हिडिओ पाहून पोरांच्या पायाला खाज सुटते. भरधाव गाडी हाकायची हौस असेल तर ती आसीरगडच्या घाटात भागवण्यापेक्षा ट्रॅकवर भागवलेली केव्हाही बरी.

आता टायर. ट्रॅकचा अस्सल टायर, म्हणजे स्लिक, हा गुळगुळीत गोटा असतो. खाचा नाहीत, म्हणून जास्त रबर जमिनीला टेकतं. शिवाय रबरही मऊ. तो तापून ऐंशी-नव्वद अंशांवर गेला की डांबराला चिकटल्यासारखा धरतो. पण थंड असला की तोच टायर निसरडा. म्हणून शर्यतीच्या बाइकच्या टायरला आधी विजेची गरम पांघरुणं गुंडाळून ठेवतात. आणि पाऊस आला की खाचाच नाहीत, तर पाणी जाणार कुठे? गाडी पाण्यावर तरंगते. कोल्हापूरजवळ हुपरीला कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टचेही कोरड्या दिवसाचे टायर गुळगुळीत आणि पावसाचे खाचांचे, असे दोन वेगळे असतात.

रस्त्याचा टायर हा संसारी माणूस. ऊन, पाऊस, खड्डा, खडी सगळं थोडं थोडं सोसतो. ट्रॅकवर मात्र तो दमतो. पाच-सहा फेऱ्यांत खाचांमधले रबराचे ठोकळे वळवळू लागतात, तापतात, कधी त्यांचे तुकडेही निघतात. गंमत म्हणजे कोऱ्या करकरीत टायरपेक्षा थोडा झिजलेला टायर कोरड्या ट्रॅकवर बरा टिकतो, कारण त्याचे ठोकळे उंचीला कमी असतात.

मग पारडं स्लिककडे झुकतं का? इथे एक प्रश्न स्वतःला विचारा : गाडी ट्रॅकवर नेणार कशी आणि परत आणणार कशी? टेम्पोवर घालून नेणार असाल किंवा ट्रॅकचे टायर वेगळे नेऊन तिथे बदलणार असाल, तर प्रश्नच नाही. पण त्याच चाकांवर बडवाह, खंडवा करत घरी यायचं असेल, तर स्लिकचा विचारही नको. आपल्याकडे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल खाचा हव्यात असा नियम आहे. दोन्हीच्या मधले, मोजक्या खाचांचे टायरही मिळतात; कोरड्यात ते छान, जुलैच्या पावसात भरवशाचे नाहीत.

नवशिक्याने रस्त्याचाच टायर घ्यावा याला आणखी एक कारण आहे. तो बोलतो. वळणावर मर्यादा जवळ आली की किंचाळतो, हळूहळू सरकतो, चुकलास म्हणून सांगतो. स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो, तोही जास्त वेगात. शिकणाऱ्याला बोलका गुरू हवा.

चांगला टायर आणि योग्य टायर यांतलं अंतर जगाने १९ जून २००५ ला अमेरिकेत इंडियानापोलिसला पाहिलं. मिशेलिनचे टायर तिथल्या एका उतरत्या वळणाचा ताण सोसणार नाहीत असं दिसल्यावर १४ गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच बाजूला झाल्या. उरलेल्या सहा गाड्या पळाल्या. त्यांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. टायर जगातले उत्तम होते, फक्त त्या वळणाचे नव्हते. आणि ‘नको’ म्हणून थांबणारे भित्रे नव्हते.

शेवटी हवेचं. कन्नडमध्ये चाक म्हणजे गाली आणि हवा म्हणजे गाळी. एका अक्षराचा फरक, आणि एकावाचून दुसरं लंगडं. टायर दहा अंशांनी तापला की हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. म्हणजे सकाळी ३२ भरलेली हवा काही फेऱ्यांत ४० च्या घरात जाते आणि पकड कमी होते. म्हणून दर खेपेला बाहेर आल्यावर हवा मोजावी, जादा असेल ती सोडावी. मात्र निघताना टायर निवला की पुन्हा भरून घ्यावी. कमी हवेवर लांबचा प्रवास करणं म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा : २४२३ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. खाचा चांगल्या दिसल्या तरी म्हातारं रबर कडक होतं.

आणि पालकहो, मुलगा ट्रॅकवर जातो म्हणाला तर लगेच नाही म्हणू नका. परतीचा टायर कुठला, एवढं विचारा. ट्रॅकवर किती सेकंद वाचले याचं कौतुक मित्रांना. घरच्यांना दारात गाडी लागल्याचा आवाज पुरे असतो.