जुनी शेगडी आणि झरोका

गेले दोन महिने मी एक शेगडी शोधत होते. साधी, दोन बर्नरची, जड अंगाची आणि सव्वीस इंचांत बसणारी. मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसलाच. म्हणाला, "आई, शेगडी काय शोधायची असते? मोबाइलवर दोन मिनिटांत मागवता येते." येते हो. पण ती माझ्या ओट्यावर मावत नाही, हे मोबाइलला कोण सांगणार?

आमची इमारत १९७४ सालची, पुण्यातल्या पेठेतली. स्वयंपाकघर म्हणजे एक बोळच. कडाप्प्याचा ओटा, डावीकडे भिंत, उजवीकडे मोरी, आणि मधे उरते ती सव्वीस इंच जागा. त्या जागेत आमची पहिली शेगडी १९७९ साली आली. नंबर लावून सहा वर्षं वाट पाहिली होती. सिलिंडर घरी आला त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले होते! तोवर घासलेटचा स्टो आणि रेशनची रांग. आजच्या मुलींना हे सांगितलं तर मी शिवकाळातलं काही सांगतेय असं त्यांना वाटतं.

गंमत बघा, शेगडी हा शब्द मुळात कोळशाच्या शेगडीचा. कोळसा गेला, राख गेली, पण आम्ही गॅसलाही शेगडीच म्हणत राहिलो. वर्गात शब्दांचे अर्थ कसे बदलतात ते शिकवताना हे उदाहरण मी हमखास द्यायचे.

तर ती शेगडी चाळीसहून जास्त वर्षं चालली. दोन वर्षांपूर्वी मुलगा आला असताना 'जुनी द्या, नवी घ्या' अशी योजना निघाली होती. तिच्यात ती गेली आणि काचेची, तीन बर्नरची चकचकीत शेगडी आली. तिचा एक कोपरा मोरीवर अधांतरी. कुकर ठेवला की दुसऱ्या बर्नरवर फक्त चहाचं भांडं बसायचं. गेल्या श्रावणात एका दुपारी गरम काचेवर ओलं फडकं फिरवलं, आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन सगळी काच चुरा झाली. चूक माझीच असेल. पण दुकानदार म्हणाला, "काच बदलून मिळत नाही, अख्खी नवीच घ्या." मला राग आला तो त्या वाक्याचा.

बाजारात स्टीलच्या नव्या शेगड्याही मिळतात. दोन पाहून आले. इतक्या हलक्या की पुरण घोटताना एका हाताने शेगडी धरून ठेवावी लागेल! मग बोहरी आळी झाली, रविवारचा जुना बाजार झाला. शेवटी एका भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या ढिगाखाली हवी तशी सापडली. पितळी बर्नर, बिडाच्या जाळ्या, आयएसआयचा शिक्का. "मावशी, हिचं काय करणार?" त्याने विचारलं. म्हटलं, "स्वयंपाक!" साडेसहाशेला सौदा झाला.

दुरुस्तीवाले काका आमच्याच भागातले, वयाने माझ्याच बरोबरीचे. त्यांनी दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात तिचे सगळे अवयव वर्तमानपत्रावर मांडले. बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळले, भोकं तारेने मोकळी केली, कॉक काढून पुसले आणि नवं ग्रीस लावलं. मी समोर स्टूल टाकून बसले होते. गॅस जेटच्या बारीक भोकातून जोरात सुटतो, जाताना बाजूची हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि मग बर्नरवर निळी ज्योत लागते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि भांडी काळी. इतकी वर्षं गॅसवर स्वयंपाक केला, पण हे पहिल्यांदा पाहिलं.

जेट मात्र काकांनी बदलले नाहीत. आमच्याकडे आता पाइपचा गॅस आहे आणि ही शेगडी सिलिंडरची. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात अडीच-तीनपट उष्णता असते, शिवाय तो जास्त दाबाने येतो. म्हणून त्याच्या जेटचं भोक लहान. पाइपच्या गॅसला मोठं लागतं. "ते काम कंपनीच्या माणसाचं, बाई. मी हात लावणार नाही," काका म्हणाले. आपलं काम कुठे संपतं हे कळणारा माणूस मला फार आवडतो. कंपनीचा मुलगा आला, जेट बदलले, नवी नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. शेगडी सुरू झाली. मी विजयी मुद्रेने मुलाला फोटो पाठवला.

इथे लेख संपवता आला असता. 'जुनं ते सोनं' म्हणून टाळ्याही मिळाल्या असत्या. पण पुढचं सांगायला हवं. हे मी अजून मुलालाही सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी दूध मंद आचेवर ठेवून बाहेरच्या खोलीत आले आणि वाचता वाचता डोळा लागला. खिडकीच्या वाऱ्याने ज्योत विझली. गॅस चालूच. शेजारची सूनबाई वाटी परत द्यायला आली, तिला दारातच वास आला. तिने आधी नळ बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. मी नुसती उभी होते. छत्तीस वर्षं मुलांना सूचना देणारी बाई!

तिनेच वर बोट दाखवलं. "बाई, झरोका बंद का?" पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणजे पाइपच्या गॅसला बाहेर जायची वाट वरचा झरोका. आणि तो मी कबुतरांच्या त्रासाने पुठ्ठा लावून बंद केला होता. शेगडीसाठी दोन महिने वणवण केली, पण मान वर करून झरोक्याकडे एकदा पाहिलं नाही.

माझ्या मुलाला मी एकटी राहते याची काळजी वाटते. शेगडीच्या वादामागे खरा वाद तोच आहे. "इंडक्शन घे" म्हणजे "तुझा भरवसा वाटत नाही", असं मी ऐकत होते. म्हणून मी हट्टाने जुनीच आणली. आता वाटतं, त्याचं अर्धं बरोबर आहे. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय काही नव्या शेगड्यांमध्ये असते. माझ्या जुनीत नाही. अर्थात त्या फुटलेल्या महागड्या काचेच्या शेगडीतही नव्हतीच!

माझं मत विचाराल तर, वस्तू जुनी आहे म्हणून ठेवू नये आणि नवी आहे म्हणून आणू नये. जिचं पोट उघडता येतं, बिघडलेला भाग बदलता येतो, ती ठेवावी. पण ठेवायची तर तिला काय येत नाही हेही ओळखावं, आणि तेवढं काम आपण करावं. तेही आपल्याला झेपेनासं झालं, तर आठवणी काढत न बसता तिला निरोप द्यावा.

पुठ्ठा काढून झरोक्याला जाळी बसवली आहे. दूध ठेवलं की गजर लावते आणि तिथेच स्टुलावर बसते. स्वयंपाक झाला की भिंतीवरचा नळ बंद करते आणि कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करते. खूण राहिली असे दोन दिवस एका महिन्यात आले, तर इंडक्शन घ्यायचं असं ठरवलं आहे.

आज रात्री मुलाचा फोन येईल. त्याला सगळं सांगणार आहे, झरोक्यासकट.