चौदा ते अठरा : गाणाऱ्या मुलांनी थांबायचे कुठे?

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीवरून या सदरात चाललेल्या चर्चेत परीक्षकांची मर्जी, चाचणी केंद्रांचे अंतर आणि निकालाचा विलंब या तक्रारी येऊन गेल्या, पण वयाचा नियम कोणीही तपासला नाही. उलट, ज्याच्यात गुण आहेत तो चौदाच्या आत दिसतोच, असा दावा गेल्या आठवड्यातील एका पत्रात करण्यात आला. हा दावा संगीताच्या इतिहासाला धरून नाही आणि शरीरशास्त्रालाही धरून नाही.

सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ या वयोगटातील शाळकरी मुलांसाठी आहे, तर संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी आहे. म्हणजे पंधरा, सोळा आणि सतरा या तीन वर्षांत गाणाऱ्या मुलाला या दोहोंपैकी कोठेही नव्याने अर्ज करता येत नाही. यावर, पहिली शिष्यवृत्ती एकदा मिळाली की दर दोन वर्षांनी नूतनीकरण होऊन ती विसाव्या वर्षापर्यंत किंवा पहिली पदवी मिळेपर्यंत चालू राहते, असे उत्तर दिले जाते. ते खरे असले तरी त्याने आधीच आत आलेल्यांची सोय होते; दाराबाहेर उभ्या असलेल्याला आतल्यांच्या मुदतीचा उपयोग काय?

मुलग्यांच्या बाबतीत तर हे दार नेमके चुकीच्या वेळी बंद होते. साधारण बारा ते पंधरा या वयात कंठातील स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो आणि पट्टी, म्हणजे गायक आपला षड्ज ज्या उंचीवर धरतो ती जागा, बरीच खाली उतरते. या काळात कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज आज चिरकतो, आणि जाणता गुरू अशा शिष्याला जोर न लावता मंद्र सप्तकातील, म्हणजे खालच्या सप्तकातील, स्वर सावकाश घोळवायला सांगतो. ज्या वर्षी मुलाने गाऊ नये असे गुरू म्हणतो, त्याच वर्षी त्याने परीक्षकांपुढे गाऊन दाखवावे असे नियम म्हणतो, आणि नवा आवाज स्थिरावून त्याचा पोत कळू लागतो तोवर वय उलटून गेलेले असते.

शिवाय गाण्यात कोणाला कोण केव्हा भेटेल, हे जन्मतारखेवरून ठरत नाही. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर १९०४ सालच्या. नाटक मंडळीतील दिवस संपल्यावर १९१९च्या सुमारास उपचारांसाठी त्यांना सांगलीला आणले गेले, तेथे त्यांचा रियाज चालू असताना अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी तो आवाज पडला आणि त्यातून जयपूर-अत्रौली घराण्याची, म्हणजे खाँसाहेबांनी घडविलेल्या त्या गुंतागुंतीच्या गायकीची, तालीम सुरू झाली. तेव्हा त्यांचे वय पंधरा-सोळाचे होते. भीमसेन जोशींची कथा सर्वश्रुत आहे : दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने ज्या मुलाला वेड लावले, तो अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात उत्तरेत हिंडला आणि अखेरीस १९३६च्या सुमारास, चौदाव्या वर्षी, त्याच खाँसाहेबांचे शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांकडे आला. त्यांची पहिली जाहीर मैफल १९४१ सालची, म्हणजे तालमीची खरी वर्षे आजचा नियम ज्यांना मोजतच नाही तीच. याउलट कुमार गंधर्वांनी बाराव्या वर्षाच्या आतच मैफली गाजविल्या हे कोणी पुढे करील. परंतु अपवादात्मक बालकाच्या मापाने सर्वांचा सदरा बेतायचा नसतो.

अठराव्या वर्षी दुसरे दार उघडते, तेव्हा गुरूकडे किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे अशी अट समोर येते. अट वाजवी आहे, पण पंधराव्या वर्षी गाण्याकडे वळलेल्या विद्यार्थ्याने ती पाच वर्षे कोणाच्या आधारावर काढावीत, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. दहावी-बारावीची हीच वर्षे असल्याने शिकवणीचे शुल्क आणि गाण्याचे शुल्क यांत पालकांना निवड करावी लागते, आणि ती निवड बहुधा कशी होते हे कोणत्याही संगीत विद्यालयाच्या हजेरीपटावरून कळेल. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळतात, ते पदरात पडताच तंबोऱ्याला गवसणी घालण्याची जी रीत पडली आहे, तिचे एक कारण हेही आहे.

रकमेविषयी तर बोलूच नये. पहिल्या शिष्यवृत्तीचे वर्षाला ३६०० रुपये, म्हणजे महिन्याला ३००, आणि शिकवणी शुल्काची मर्यादित भरपाई. दुसरीत मात्र महिन्याला ५००० रुपये, तेही दोन वर्षांपुरते आणि ४०० जणांनाच. तीनशे रुपयांत काय होते, हे तबल्याची पुडी बदलून घेणाऱ्या कोणालाही विचारावे. दुसरीकडे संगीत नाटक अकादमीच्या बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कारासाठी चाळीस वर्षांपर्यंतचा कलावंत ‘युवा’ धरला जातो. चाळिशीपर्यंत तारुण्य देणाऱ्या या व्यवस्थेला पंधरा वर्षांचा मुलगा मात्र ना बालक दिसतो ना युवक.

तेव्हा मंत्रालयाने पहिल्या शिष्यवृत्तीची कमाल मर्यादा किमान गायनापुरती तरी सतरा वर्षांवर न्यावी, आणि ते जमत नसेल तर आवाज फुटण्याच्या काळात अर्ज न केलेल्या मुलांना गुरूच्या दाखल्यावर पुढील तीन वर्षांत एक संधी द्यावी. यासाठी नवा निधी लागणार नाही, जागाही वाढवाव्या लागणार नाहीत. अर्जातील वयाचा रकाना तेवढा बदलावा लागेल.

— एक वाचक, मिरज