लकव्याचे साडेचार तास आणि आपला जिल्हा

अर्धांगवायू झालेला माणूस पुन्हा शेतात जाईल की खाटेला खिळेल, हे नशिबावर सोडायची आपल्याकडे सवय झाली आहे. प्रत्यक्षात बराचसा निकाल घराच्या उंबऱ्यापासून सीटी स्कॅनच्या टेबलापर्यंत किती वेळ गेला, यावर लागतो. तो वेळ कमी करणं धाराशिव जिल्ह्याच्या हातात आहे. त्यासाठी हे मुद्दे.

१. आधी आजार समजून घेऊ. मेंदूला रक्त पोचवणारी नळी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. गुठळीचे रुग्ण जास्त. नळी बंद राहिली की मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ च्या अमेरिकी अभ्यासात ही मर्यादा तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासानं ती साडेचारपर्यंत वाढवली. नळी फुटली असेल, तर मात्र हेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. गुठळी की रक्तस्राव, हे नुसतं तपासून कितीही अनुभवी डॉक्टरला खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून आधी सीटी, मग सुई.

२. लक्षणं प्रत्येक घरात पाठ हवीत. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय गळून पडणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं. बहुतेकांना यात काहीच दुखत नाही, आणि घात तिथंच होतो. छातीत कळ आली की माणूस घाबरून दवाखाना गाठतो. हात बधिर झाला की ‘जरा पडतो, उतरेल’ म्हणतो. अर्ध्या तासात सगळं आपोआप बरं झालं, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो. रुग्णाला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जातं. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नये. सीटी होईपर्यंत रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नये. अंगाला कबुतराचं रक्त चोळणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यातही वेळ जातो, सरळ १०८ ला फोन करावा. आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते लक्षात ठेवावं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार.

३. आता खरी अडचण. आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके आठ दिशांना तोंड करून बसले आहेत. परंडा-भूमचा रुग्ण बार्शीकडे वळतो. कळंबचा लातूरला जातो नाही तर अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. तुळजापूरकरांना सोलापूर जवळचं. उमरगा हैदराबादच्या महामार्गावर असल्यानं तिथला माणूस सोलापूर की कलबुर्गी, या विचारात पडतो. यात चूक काही नाही, जवळचं गाठणं शहाणपणाचंच. घोळ होतो तो असा : आधी गावातला डॉक्टर, मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी, मग जिल्हा रुग्णालय, तिथून पुन्हा चिठ्ठी. प्रत्येक ठिकाणी सलाईन लागतं, नातेवाईक जमतात, गाडी ठरते. रुग्ण मोठ्या शहरात पोचतो तेव्हा साडेचार तास केव्हाच संपलेले असतात, आणि तिथला डॉक्टर ‘उशीर केलात’ म्हणतो तेव्हा घरच्यांना आपलं काय चुकलं हेच कळत नाही. ते तर पहिल्या तासातच निघाले होते.

४. यावर उपाय नवा शोधायचा नाही. हिमाचल प्रदेशात रस्ते आपल्यापेक्षा अवघड आणि मेंदूविकारतज्ज्ञ मोजकेच. तिथं २०१४ पासून जिल्हा रुग्णालयातला साधा फिजिशियन सीटीची चित्रं फोनवरून तज्ज्ञाला दाखवतो आणि त्याच्या सल्ल्यानं इंजेक्शन स्वतः देतो. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर, सोलापूर आणि अंबाजोगाईलाही सरकारी महाविद्यालयं आहेत. या चौघांची एक फोनसाखळी बांधायला इमारत लागत नाही. लागतं ते इतकं : सीटी यंत्र आणि ते चालवणारा तंत्रज्ञ चोवीस तास हजर, इंजेक्शनचा साठा, रात्रपाळीच्या फिजिशियनचं प्रशिक्षण आणि कोणत्या तालुक्याचा रुग्ण थेट कुठं न्यायचा, याचा १०८ च्या चालकाकडे लेखी तक्ता. मधल्या चिठ्ठ्या बंद. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्याच जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावात रुग्णालय उभं राहू शकलं, तर एवढी बांधाबांध जिल्ह्याला जड नाही. पालकमंत्र्यांनी नियोजन समितीच्या बैठकीत याचा हिशेब द्यावा : किती रुग्ण आले, किती वेळेत आले, किती जणांना सुई मिळाली.

५. लकव्याच्या कारणांत पहिला नंबर रक्तदाबाचा. मग मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके. रक्तदाब दुखत नाही, म्हणून बरं वाटलं की गोळी बंद होते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा होते. नोंद ठेवायची, ठरलेली औषधं द्यायची आणि न आलेल्याला फोन करायचा, इतकीच त्याची युक्ती. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागेल. कळंब, वाशी, भूम, परंड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन काय उपयोग? टोळी निघण्याआधी तपासणी करून हंगामभराच्या गोळ्या बांधून द्याव्यात, आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रात चालेल असं कार्ड द्यावं.

६. झटक्यातून वाचलेल्यांचं काय? गिळता न आल्यानं न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळ्या, आखडलेला खांदा, मनाची उदासी. हे बहुतेक टाळता येतं. त्याला फिजिओथेरपिस्ट लागतो, आणि तो तालुक्याला हवा. एरवी सगळा भार घरातल्या बाईवर पडतो, तिची मजुरी बुडते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून वॉकर आणि हवेची गादी मागता येते. ग्रामसभेत मागा.

७. लकव्याखेरीज फिट येणं हा मेंदूचा दुसरा मोठा आजार. जन्मावेळी बाळ गुदमरणं, डोक्याला मार, मेंदूतली गाठ, जंताच्या अंड्यांनी मेंदूत झालेल्या गाठी, अशी कारणं सापडतात. काहींत सापडत नाहीत. चप्पल किंवा कांदा हुंगवून फिट थांबत नाही, ती बहुधा आपणच दोन-तीन मिनिटांत थांबते. माणसाला कुशीवर करावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठावा. देवीच्या जिल्ह्यात अंगात येणं नवं नाही, पण दातखीळ, तोंडाला फेस आणि कपड्यात लघवी दिसली तर तिथं देवऋषीचं काम नाही. गोळ्या एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येत राहून जीव जाऊ शकतो. त्यामुळं प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या संपणं ही किरकोळ बाब समजू नये. फिट हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलं आहे. सोयरीक जुळवणाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

८. लकव्यासारखाच घाई मागणारा आणखी एक आजार म्हणजे गिलन-बारे. जुलाबानंतर काही दिवसांत पायातून वर चढत जाणारा अशक्तपणा आला, तर तासाभराचाही उशीर नको. श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याच आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडे गेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि घागरी भरल्या जातात. त्या विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर कोणत्या तारखेला पडली, याची वही ग्रामपंचायतीत असायला हवी, आणि ती कुणालाही मागून पाहता यायला हवी.