रंगून पडले, वावर-वांगणीत काय पडले?

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले. १९४३ मध्ये बंगालात लक्षावधी माणसे भुकेने मेली. मात्र दोष केवळ तुटवड्याचा नव्हता. मजुराची क्रयशक्तीच नष्ट झाली होती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.

तेव्हा निदान युद्धाचे निमित्त होते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कोणते रंगून पडले होते? देशात धान्य होते. आदिवासीच्या हाती दाम नव्हता. म्हणून जव्हार-मोखाड्यातील कार्यकर्त्यांनी धान्यवाटपाच्या मागणीवर थांबू नये. हमीचे काम आणि वेळेवर मजुरी, हाच खरा लढा आहे.