रॅमला ऊन लागलं!

मे महिन्यात पुण्याहून भंडाऱ्याला जाताना लोक बाकरवडी नेतात. मी डेस्कटॉप नेतो. हसू नका! महिनाभर वर्क फ्रॉम होम मिळतं, पण व्हिडिओ एडिटिंग लॅपटॉपला झेपत नाही. मग महाराष्ट्र एक्स्प्रेस, सीटखाली चादरीत गुंडाळलेला सीपीयू आणि भंडारा रोडला उतरलं की बाबांचा ठरलेला प्रश्न, ‘‘काहून रे, टीव्ही आणला का?’’

मशीन माझं जाम लाडकं. 32 जीबी डीडीआर4, बॉक्सवर झोकात छापलेलं 3600. फंडा असा, की ही रॅम नुसती लावली तर बऱ्याच कमी स्पीडवर निवांत चालते. बायोसमध्ये एक्सएमपी ऑन केलं की व्होल्टेज 1.2 वरून 1.35 आणि गाडी सुसाट. म्हणजे चक्क ओव्हरक्लॉकिंग, फक्त सेटिंग कंपनीने आधीच भरून दिलेलं. ते भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात चालेल असं मात्र बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं.

गेल्या मे महिन्यात घरचा जुना अल्बम स्कॅन केला. 212 फोटो. अल्बम मग तुमसरला आत्याकडे गेला, आणि पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. दिवाळीत फोल्डर उघडलं तर 9 फोटो अर्ध्यातून खाली राखाडी! जेपीईजीत एक बिट उलटला तरी तिथून पुढचं सगळं चित्र बोंबलू शकतं. फाइल सेव्ह होताना रॅममधूनच जाते, आणि आपल्या घरगुती रॅममध्ये चूक पकडणारं ईसीसी सहसा नसतं. विंडोज हूं की चूं करत नाही.

पुण्यात थंडीत मेमटेस्ट86 लावलं. पेन ड्राइव्हवरून बूट, चार पास, रात्रभर. एरर शून्य. मी बिचाऱ्या स्कॅनरला शिव्या घातल्या.

या मे महिन्यात तीच टेस्ट भंडाऱ्यात, दुपारी दोनला, बाहेर 45 डिग्री. तिसऱ्या पासला लाल ओळी. सात एरर! रात्री पुन्हा लावली, शून्य. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. गरमीत गळती वाढते, आणि वरच्या स्पीडला चुकायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी कूलर कॅबिनेटकडे वळवला. आई कडाडली, ‘‘माणसं उकडून मरावं अन् डब्याले कूलर?’’ (बरोबरच होतं. शिवाय ती ओली हवा मशीनला वाईटच.) मग मुकाट्याने 3200 वर आलो. गंमत म्हणजे 3600 ला सीएल18 आणि 3200 ला सीएल16, दोन्हीचा हिशेब येतो 10 नॅनोसेकंद! बँडविड्थ तेवढी 11 टक्के कमी, एडिटिंग करताना मला तरी जाणवली नाही. दोन दुपारी, आठ पास, शून्य एरर. एवढ्याशा फरकासाठी मी वर्षभर कॉलर ताठ करून फिरत होतो, च्यायला.

आठ फोटो आत्याकडून आणून पुन्हा स्कॅन केले. नववा वाळवीने खाल्लेला. आजोबा, त्यांच्या पितळी भांड्यांच्या दुकानासमोर. स्क्रीनवर टोपी आहे, चेहरा आहे, छातीच्या खाली नुसता राखाडी पट्टा. दुकान गेलं.

बाबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.

‘‘चेहरा आला ना,’’ ते म्हणाले. ‘‘नागपूरहून मोठी प्रिंट काढून आण.’’