सातबारा असलेला निर्धन



बल्लाळेश्वराच्या दर्शनाला तुम्ही पालीला येता. तिथल्याच एका भातशेतकऱ्याचे हे दुखणे. घरधनिणीला स्मृतिभ्रंश झाला. ऐन लावणीत ती घर सोडून खोपोलीच्या रस्त्याला लागली. तेव्हापासून हा दारात राखणीला आणि खाचरात मजूर. आश्रम शोधायला आम्ही बरोबर हिंडलो. "स्वतःचे स्वतः करणारा माणूस असेल तर घेऊ." जिथे घेतात तिथला महिन्याचा आकडा ऐकून तो उठलाच.

२००७ च्या कायद्याचे कलम १९ म्हणते, जिल्ह्यात निदान एक आश्रम, दीडशे निर्धन वृद्धांसाठी. पण सरकार तो 'काढू शकेल', काढेलच असे नाही! निर्धन कोण, हेही सरकारच ठरवणार. कोरडवाहू ज्वारी-कपाशीचा सातबारा असलेला म्हातारा त्यात बसेल?

हमीभाव काढताना घरच्यांची शेतातली मजुरी निदान धरतात. बायकोला भरवणे, धुणे, रात्रभर दार अडवून बसणे कुठल्या रकान्यात? आणि त्यापायी बाहेरून लावलेला गडी?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजारात आहेत. तालुक्याला दिवसा सांभाळणारे केंद्र, निदान पेरणी-वेचणीच्या दिवसांत, एवढे तरी मागू. बैठकीला येताना आपल्या गावात अशी घरे किती, ते मोजून आणा. नावे नकोत, आकडा आणा.