संगणक बसवा, पण आधी सभासदाला विचारा
नव्या संगणक पद्धतीला आमचा विरोध नाही. पण वारणेचा दाखला पाहा. १९९८ साली तेथील ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. साऱ्या जगाची माहिती गावात येणार, असा गाजावाजा झाला. सभासद मात्र विचारी उसाचे टनेज नि खताचा हिशेब! पुढे २००७ पर्यंत ७ गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले, अन् भागले.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तंटा होतो लागणीच्या तारखेवरून. नोंद चुकली की तोड लांबते, ऊस तुऱ्यावर येतो, वजन घटते. तेव्हा आराखडा ठरवताना स्लिपबॉय, काट्यावरचा कारकून आणि चार ऊस उत्पादक समोर बसवा. आणि पहिला हंगाम जुनी वही चालूच ठेवा.